मोटारसायकलची विंडशील्ड

मोटारसायकलची विंडशील्ड किंवा वातरोधक काच म्हणजे दुचाकीच्या पुढील भागात, हँडलवर अथवा सांगाड्याला जोडून उभी केलेली पारदर्शक ढाल होय. समोरून येणारा वारा, पाऊस, धूळ आणि कीटक यांपासून चालकाचे रक्षण करणे आणि छातीवर व डोक्यावर बसणारे वाऱ्याचे तडाखे कमी करणे हा तिचा हेतू असतो. तिला बोलीत 'काच' म्हटले जात असले, तरी ती बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकची असते. लहान आकाराच्या ढालीस दुचाकीच्या बाजारात 'व्हायझर' असेही म्हणतात.

विंडशील्ड वारा थांबवत नाही; ती त्याचा मार्ग बदलते. वळवलेला वारा चालकाच्या डोक्यावरून सुरळीत निघून गेला, तर प्रवास सुखाचा होतो. तोच वारा काचेच्या कडेवरून फुटून हेल्मेटवर आदळला, तर तडाखे पूर्वीपेक्षा वाढतात. त्यामुळे काचेच्या आकारापेक्षा चालकाची उंची, काचेची जागा आणि रस्त्यावरील वाऱ्याची दिशा यांचा मेळ अधिक महत्त्वाचा ठरतो. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा परिसरात समुद्रावरून येणारा वारा आणि कंटेनर वाहतूक एकत्र येत असल्याने हा प्रश्न तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

## वाऱ्याच्या तडाख्यांचे स्वरूप

चालत्या मोटारसायकलवर वाऱ्याचा परिणाम दोन प्रकारे होतो. पहिला परिणाम म्हणजे स्थिर दाब. हवेचा गतिज दाब सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. कोकणातील उष्ण हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१५ किलोग्रॅम धरली, तर ताशी ६० किमी वेगाला हा दाब सुमारे १६० पास्कल आणि ताशी ८० किमी वेगाला सुमारे २८४ पास्कल येतो. ताठ बसलेल्या चालकाचे परिणामी क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर मानल्यास त्याच्या अंगावर पहिल्या वेगाला सुमारे साडेसहा किलोग्रॅम, तर दुसऱ्या वेगाला सुमारे साडेअकरा किलोग्रॅम वजनाएवढा रेटा येतो.

या गणितात वेग हा जमिनीच्या नव्हे, तर हवेच्या सापेक्ष मोजायचा असतो. ताशी ६० किमी वेगाने जाणाऱ्या दुचाकीसमोर ताशी ३० किमीचा वारा असेल, तर चालकाला ताशी ९० किमीचा वारा जाणवतो आणि दाब सव्वादोन पट होतो. वेगमापकाचा काटा तोच असूनही समुद्राकडे तोंड करून जाताना हात व मान लवकर दमतात, त्याचे कारण हेच होय.

दुसरा परिणाम म्हणजे दाबातील चढउतार. 'तडाखे' या शब्दाने जे सूचित होते ते हेच. स्थिर रेट्याशी शरीर जुळवून घेते. चालक किंचित पुढे झुकतो आणि वाऱ्यावरच रेलतो. परंतु बल दर सेकंदाला अनेक वेळा कमीजास्त होऊ लागले आणि त्याची दिशाही बदलू लागली, तर मानेच्या स्नायूंना सतत दुरुस्ती करावी लागते. हेल्मेट थरथरते, रस्त्यावरील फलक व खड्डे अंधुक दिसतात आणि आवाज वाढतो. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतील आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. आठ तासांच्या कामासाठी शिफारस केली जाणारी मर्यादा ८५ डेसिबल आहे. या आवाजाचा मोठा भाग इंजिनाचा नसून हेल्मेटभोवतीच्या खळबळलेल्या हवेचा असतो.

## विंडशील्डचे कार्य

पर्वताच्या एका बाजूस जसा पर्जन्यछायेचा प्रदेश असतो, तशी विंडशील्डच्या मागे वातछाया असते. या छायेत हवा संथ असते व दाब कमी असतो. छायेच्या बाहेर वारा पूर्ण वेगाने वाहत असतो. या दोहोंच्या सीमेवर वेगाने धावणारी आणि जवळजवळ स्थिर असलेली हवा एकमेकींशेजारी येते, सीमा अस्थिर होते आणि तिची गुंडाळी होऊन भोवरे तयार होतात. काचेच्या दोन्ही बाजूंनी असे भोवरे आळीपाळीने सुटत राहतात. बोथट वस्तूच्या मागील भोवऱ्यांच्या अशा दुहेरी रांगेला थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते.

भोवरे सुटण्याचा वेग व्हिंसेंत्स श्ट्रोहाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकावरून अजमावता येतो. बोथट वस्तूंसाठी हा अंक साधारण ०.१५ ते ०.२ असतो. त्यास वाऱ्याच्या वेगाने गुणून वस्तूच्या रुंदीने भागले की दर सेकंदाला सुटणाऱ्या भोवऱ्यांची संख्या मिळते. ४० सेंटिमीटर रुंदीच्या काचेसाठी ताशी ८० किमी वेगाला ही संख्या सुमारे ८ ते ११ इतकी येते. काच वक्र आणि तिच्या मागे चालक असल्याने प्रत्यक्षातील प्रवाह अधिक गुंतागुंतीचा असतो. तरीही अनेक चालक ज्याचे वर्णन 'डोके खुळखुळ्यासारखे हलते' असे करतात, त्या कंपनाचा दर्जा या अंदाजावरून लक्षात येतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चालकाचे डोके पूर्णपणे वातछायेत असेल, तर तडाखे कमी असतात. डोके पूर्णपणे सुरळीत वाऱ्यात असेल, तरीही तडाखे कमी असतात. दाब मात्र पूर्ण असतो. डोके सीमेवर असेल, तर तडाखे सर्वाधिक असतात. विंडशील्ड बसवल्यानंतर त्रास वाढल्याची तक्रार बहुधा याच तिसऱ्या स्थितीतून येते. मध्यम उंचीची काच अनेकदा वाऱ्याची कड नेमकी हनुवटीवर किंवा हेल्मेटच्या खालच्या काठावर आणून सोडते. तेथून वारा हेल्मेटच्या आत शिरतो, हेल्मेट वर उचलले जाते आणि आवाज वाढतो.

वातछायेतील कमी दाबाचा आणखी एक परिणाम असतो. पोकळी भरून काढण्यासाठी चालकाच्या पाठीमागील व बाजूंची हवा पुढे ओढली जाते. त्यामुळे मोठ्या काचेमागे बसलेल्या चालकाला पाठीतून पुढे ढकलल्यासारखे वाटते आणि पावसाचे तुषार किंवा धूळ मागून येऊन अंगावर बसते.

## न्हावा शेवा परिसरातील वारा व रस्ते

न्हावा शेवा हे नाव न्हावा आणि शेवा या गावांवरून आले आहे. मुंबई बंदराच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील या भागात २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ते आज देशातील प्रमुख कंटेनर बंदरांपैकी एक आहे. बंदर, गोदामे आणि कंटेनर साठवणुकीची आवारे येथे काम करणारे अनेक जण उरण, उलवे, पनवेल व नवी मुंबई येथून दुचाकीने ये-जा करतात. पळस्पे फाट्याकडून बंदराकडे येणारा, पूर्वी ४ब या क्रमांकाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३४८, तसेच नवी मुंबईकडून गव्हाण फाट्याच्या दिशेने येणारा आम्र मार्ग हे या परिसरातील मुख्य रस्ते होत.

शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याची एकूण लांबी सुमारे २१.८ किमी असून त्यांपैकी सुमारे १६.५ किमी भाग समुद्रावर आहे. या सेतूवर मोटारसायकल, मोपेड, तीनचाकी वाहने आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. मुंबईतील वांद्रे–वरळी सागरी सेतूवरही दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे न्हावा शेव्याहून मुंबईकडे जाणारा दुचाकीस्वार आजही खाडीला वळसा घालून वाशीच्या पुलावरूनच जातो. अटल सेतूमुळे त्याचे अंतर कमी झालेले नाही. वाऱ्याशी त्याचा संबंध या जुन्या रस्त्यांवरच येतो.

या रस्त्यांवर वाऱ्याचे तडाखे तीन निरनिराळ्या कारणांनी निर्माण होतात.

दुचाकीच्या स्वतःच्या वेगाचा वारा. हा नेहमी समोरून येतो आणि वेगाबरोबर वाढतो. विंडशील्ड मुख्यतः याच वाऱ्यासाठी बनवलेली असते.

समुद्राचा वारा. दिवसा जमीन तापल्यावर समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे आणि रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे हे कोकण किनाऱ्याचे नेहमीचे चक्र आहे. कोरड्या ऋतूत दुपारनंतर येथे पश्चिम व वायव्येकडून खारा वारा वाहतो. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे प्रबळ असतात आणि पावसाच्या सरींबरोबर त्यांचे झोत येतात. खाडी, खारफुटी आणि मिठागरांच्या सपाट पट्ट्यात वाऱ्याला अडवणारे फारसे काही नसते. याउलट उड्डाणपुलांवर, खाडीपुलांवर आणि भरावाच्या उंच रस्त्यांवर तो अधिक जोराने लागतो. सकाळी कामावर जाताना शांत वाटणारा रस्ता संध्याकाळी परतताना वाऱ्याचा असतो, तो या चक्रामुळे.

कंटेनर ट्रेलरमुळे खळबळलेली हवा. चाळीस फुटी कंटेनर सुमारे १२.२ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. ट्रेलरवर ठेवल्यावर त्याचा माथा जमिनीपासून चार मीटरच्या आसपास जातो. अशी चौकोनी पेटी वेगाने चालली की तिच्या पुढे दाब वाढतो, बाजूंना कमी होतो आणि मागे भोवऱ्यांचा लांब पट्टा राहतो. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला प्रथम बाहेर ढकलल्यासारखे, नंतर ट्रेलरकडे ओढल्यासारखे आणि शेवटी हेलकावल्यासारखे जाणवते. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रेलरांच्या रांगा आणि आवारांत थरावर थर रचलेले कंटेनर हे भिंतीसारखे काम करतात. त्यांच्या आडोशातून मोकळ्यावर येताच बाजूचा वारा एकाएकी लागतो.

या तीन कारणांपैकी पहिल्यावर विंडशील्ड प्रभावी ठरते, दुसऱ्यावर अंशतः उपयोगी पडते आणि तिसऱ्यावर जवळजवळ निरुपयोगी असते.

## बाजूचा वारा आणि वातछायेचे सरकणे

शांत हवेत उत्तम जुळलेली काच समुद्राचा वारा सुटल्यावर त्रास का देते, हे साध्या भूमितीने दाखवता येते. दुचाकी ताशी ६० किमी वेगाने जात आहे आणि ताशी ३० किमीचा वारा बरोबर काटकोनात डावीकडून येत आहे, असे मानू. चालकाला जाणवणारा सापेक्ष वारा या दोहोंच्या बेरजेचा असतो. त्याचा वेग ताशी सुमारे ६७ किमी असतो आणि तो सरळ समोरून न येता सुमारे २७ अंश डावीकडून येतो.

काच ४० सेंटिमीटर रुंद असून हेल्मेटच्या ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर इतक्या अंतरात वातछाया २० सेंटिमीटर उजवीकडे सरकते. काचेची अर्धी रुंदीही २० सेंटिमीटरच असल्याने छायेची डावी कड नेमकी हेल्मेटच्या मध्यावर येते. म्हणजे अर्धे डोके छायेत, अर्धे वाऱ्यात आणि भोवऱ्यांची सीमा नाकासमोर अशी स्थिती होते. वाऱ्याचा जोर कमीजास्त झाला की ही सीमा डावीउजवीकडे हलते आणि डोक्याला आडवे हिसके बसतात. काच अधिक रुंद असेल किंवा चालकाच्या अधिक जवळ असेल, तर छाया कमी सरकते. किनारी भागात उंचीइतकीच रुंदीही महत्त्वाची ठरते ती याच कारणाने.

रुंदी वाढवण्यास मात्र मर्यादा आहे. मोठी काच म्हणजे बाजूच्या वाऱ्याला मिळणारे मोठे पृष्ठफळ. हँडलवर किंवा पुढील फोर्कवर बसवलेल्या काचेवरील सर्व बल थेट सुकाणूवर येते. हलक्या दुचाकीवर व स्कूटरवर फार उंच व रुंद काच बसवल्यास वाऱ्याच्या झोतासरशी हँडल वळण्याचा व वेगात गाडी डुलण्याचा धोका वाढतो. सांगाड्याला जोडलेल्या फेअरिंगवरील बल सुकाणूवर येत नाही. म्हणून मोठ्या आकाराच्या काचेसाठी ती रचना अधिक सुरक्षित मानली जाते.

## निवड व जुळणी

उंची. चालकाने नेहमीच्या बैठकीत सरळ समोर पाहिले असता काचेची वरची कड त्याच्या नाकाच्या किंवा ओठांच्या पातळीला यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. कडेवरून फेकला गेलेला वारा आणखी वर उचलला जातो व हेल्मेटच्या माथ्यावरून जातो. नजर काचेतून नव्हे, तर काचेवरून जाणे कोकणात विशेष आवश्यक ठरते. मोटारसायकलच्या काचेला सहसा वायपर नसतो आणि पावसाळ्यात थेंबांनी भरलेल्या काचेतून, समोरून येणाऱ्या ट्रेलरच्या दिव्यांच्या झगमगाटात, रस्ता दिसत नाही.

लहान काचेचा पर्याय. डोक्यावर सुरळीत वारा येऊ देऊन केवळ छातीवरील रेटा कमी करणारी लहान काच हाही योग्य पर्याय आहे. तिची कड हनुवटीच्या बरीच खाली, छातीच्या पातळीला राहिली पाहिजे. शहरी वेगात आणि उन्हाळ्यात अशी काच सोयीची ठरते. मोठ्या काचेमागे वारा लागत नाही, घाम वाळत नाही आणि हेल्मेटमधील हवेच्या वाटाही निरुपयोगी होतात. एप्रिल व मे महिन्यांतील दमट उष्म्यात ही गैरसोय लहान नसते. त्यामुळे काही चालक पावसाळ्यात उंच आणि उन्हाळ्यात लहान काच वापरतात.

कल. उभ्या काचेची वातछाया मोठी असते, परंतु वायुरोध व कडेवरील भोवरे वाढतात. मागे कललेल्या काचेवरून वारा अधिक सुरळीत सरकतो, परंतु परिणामी उंची कमी होते. कल काही अंशांनी बदलल्यानेही कडेवरून सुटणाऱ्या वाऱ्याची दिशा बदलते. नवी काच विकत घेण्यापूर्वी हा बदल करून पाहणे हिताचे असते.

खालची फट. काचेच्या खालच्या कडेपाशी किंवा मध्यभागी हवा येऊ देणारी फट ठेवल्यास काचेमागील दाब काहीसा वाढतो, छायेची सीमा कमी अस्थिर होते आणि पाठीमागून ढकलल्याची भावना कमी होते. अनेक प्रवासी मोटारसायकलींच्या काचांना अशा फटी मुळातच असतात. साध्या काचेत बसवणीच्या बोल्टवर जाड वायसर घालून ती पुढे सरकवल्यासही हा परिणाम काही प्रमाणात साधतो. मात्र बोल्टचे आटे नटमध्ये पुरेसे बसणे आवश्यक असते.

वरची जोडपट्टी. काचेच्या वरच्या कडेला चिमट्याने बसवायची लहान पट्टी बाजारात मिळते. तिच्या व काचेच्या मधील फटीतून गेलेला वारा सीमेला वर उचलतो. उंची थोडक्यात कमी पडत असेल, तर ही जोड पुरेशी ठरते. तिचे स्क्रू सैल झाल्यास ती निसटून चालकावरच येऊ शकते, म्हणून ती वारंवार तपासावी लागते.

खालून येणारा वारा. सर्व तडाखे काचेच्या वरच्या कडेवरून येत नाहीत. हेडलाइट, टाकी आणि फोर्क यांच्या मधून वर चढणारा वाराही हनुवटीखाली आदळतो. अशा वेळी काच उंच केल्याने लाभ होत नाही. फोर्कच्या बाजूंची मोकळी जागा झाकणाऱ्या लहान पट्ट्या किंवा हातांपुढील ढाली अधिक उपयोगी पडतात.

हेल्मेट. सैल हेल्मेटमध्ये तडाखे अधिक जाणवतात. भारतीय मानक आयएस ४१५१ नुसार प्रमाणित, पूर्ण चेहरा झाकणारे आणि डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट वापरल्यास मान व कान यांवरील ताण कमी होतो. उन्हासाठी पुढे आलेली टोपीसारखी चोच असलेले हेल्मेट वारा अधिक पकडते.

## त्रासाचे कारण ओळखण्याच्या रीती

तडाख्यांचे मूळ कळल्याशिवाय केलेला खर्च अनेकदा वाया जातो. कारण शोधण्यासाठी रिकाम्या व सरळ रस्त्यावर, वारा शांत असताना, सकाळच्या वेळी पाहणी करणे योग्य असते.

पहिली रीत बैठक बदलण्याची आहे. स्थिर वेगात चालकाने डोके काही सेंटिमीटर खाली घेतल्यावर तडाखे थांबले, तर वाऱ्याची कड डोक्यावर येत आहे आणि काच तेवढी उंच हवी, असा अर्थ होतो. पाठ ताठ करून डोके वर नेल्यावर तडाखे थांबले, तर लहान काच अधिक उपयोगी ठरेल. दोन्हींत फरक पडला नाही, तर वारा खालून किंवा बाजूंनी येत असण्याची शक्यता असते.

दुसरी रीत लोकरीच्या धाग्यांची आहे. काचेच्या कडेवर, हेल्मेटच्या बाजूंवर आणि चालकाच्या खांद्यांवर बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीने लावतात व शेजारून सावकाश चालणाऱ्या वाहनातून दुसऱ्या व्यक्तीने त्यांचे निरीक्षण करायचे असते. सुरळीत वाऱ्यात धागे सरळ मागे ताणलेले राहतात, खळबळलेल्या हवेत फडफडतात आणि उलट्या प्रवाहात पुढे वळतात. विमानांच्या व मोटारींच्या चाचण्यांतही हीच जुनी पद्धत वापरली जाते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तोच रस्ता, तोच वेग व तीच वेळ ठेवून तुलना करावी. सकाळी केलेली जुळणी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात पुन्हा तपासली नाही, तर निष्कर्ष अपुरा राहतो. मागे सहप्रवासी बसल्यासही हवेचा प्रवाह बदलतो.

## साहित्य व देखभाल

विंडशील्डसाठी प्रामुख्याने पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक ही दोन प्लॅस्टिके वापरली जातात. पॉलिकार्बोनेट आघात सहन करते व सहसा तुटत नाही. परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून चांगल्या काचांवर कठीण लेप असतो. ॲक्रिलिक अधिक कठीण व स्वच्छ दिसणारे असते, मात्र जोराचा आघात झाल्यास त्याचे तुकडे होतात. ट्रेलरच्या चाकांखालून खडी उडणाऱ्या रस्त्यांवर पॉलिकार्बोनेट अधिक योग्य ठरते.

किनाऱ्यालगत काचेवर मिठाचा आणि धुळीचा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसल्यास धुळीचे कण काचेवर घासले जातात. प्रथम भरपूर गोड्या पाण्याने थर भिजवून वाहू द्यावा आणि नंतर सौम्य साबण व मऊ सुती कापड वापरावे. पेट्रोल, थिनर किंवा अमोनियायुक्त काचपुसणी द्रव यांमुळे प्लॅस्टिकला बारीक भेगा पडतात. अशा भेगा व ओरखडे दिवसा फारसे जाणवत नाहीत. रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर विखुरतो आणि काच दुधाळ दिसते.

खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट व पट्ट्या गंजतात. बसवणीसाठी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि काच व धातू यांच्यामध्ये रबरी वायसर वापरणे आवश्यक असते. बोल्ट फार आवळल्यास छिद्राभोवती काच तडकते.

## इतिहास

वाऱ्याचा रोध कमी करण्यासाठी मोटारसायकलला आवरण घालण्याचा पद्धतशीर अभ्यास प्रथम शर्यतींच्या क्षेत्रात झाला. इटलीतील मोटो गुझ्झी या कंपनीने १९५० मध्ये मांदेल्लो देल लारियो येथील कारखान्यात वातबोगदा उभारला. त्या काळी पुढचे चाकही झाकणारी मोठी आवरणे वापरात आली. बाजूच्या वाऱ्यात ती धोकादायक ठरत असल्याच्या आक्षेपांनंतर १९५७ च्या हंगामाअखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने त्यांवर बंदी घातली. समोरचा वारा जितका अधिक अडवावा तितके बाजूच्या वाऱ्याला अधिक पृष्ठफळ मिळते, हा पेच तेव्हापासून कायम आहे.

प्रवासी मोटारसायकलींसाठी अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी १९७१ मध्ये आणलेले 'विंडजॅमर' हे सांगाड्याला जोडायचे फेअरिंग लोकप्रिय झाले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आणलेल्या आर१००आरएस या मोटारसायकलचे फेअरिंग पिनिनफरिना या इटालियन संस्थेच्या वातबोगद्यात विकसित करण्यात आले होते.

भारतात स्कूटरच्या हँडलवर बसवायची उंच पारदर्शक काच जुन्या काळापासून परिचित आहे. २००३ मधील हिरो होंडा करिझ्मा आणि २००७ मधील बजाज पल्सर २२० या मोटारसायकलींनी अर्धे फेअरिंग सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचवले. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनला मुळातच लहान विंडशील्ड होती.

## मर्यादा व सुरक्षितता

मोटारसायकलसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी व त्याहून रुंद रस्त्यांवर ताशी ८० किमी आणि महापालिका हद्दीतील व इतर रस्त्यांवर ताशी ६० किमी आहे. स्थानिक प्रशासन ती आणखी कमी ठेवू शकते. वेग ८० वरून ६० वर आणल्यास वाऱ्याचा दाब जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटतो. कोणत्याही काचेशिवाय मिळणारा हा लाभ आहे.

ट्रेलरच्या मागील खळबळलेल्या पट्ट्यात विंडशील्डचा उपयोग होत नाही, कारण तेथे वाऱ्याला ठरावीक दिशाच नसते. त्यावर अंतर हाच उपाय आहे. ताशी ६० किमी वेगाला तीन सेकंदांचे अंतर म्हणजे ५० मीटर होतात. एवढ्या अंतरावर तडाखे कमी होतात, पुढचा रस्ता दिसतो आणि ट्रेलरचालकाच्या आरशातही दुचाकी दिसते. ओलांडून जाताना ट्रेलरच्या बाजूस शक्य तितकी मोकळी जागा ठेवणे आणि त्याच्या केबिनच्या पुढे निघताना बाजूच्या वाऱ्याचा झोत गृहीत धरणे आवश्यक असते. झोताच्या वेळी हँडल घट्ट धरल्यास हातांचे हिसके सुकाणूवर जातात. गुडघ्यांनी टाकी धरून हात सैल ठेवल्यास गाडी स्वतःहून लवकर सावरते.

विंडशील्ड हेल्मेटची जागा घेऊ शकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करण्यास मनाई आहे. त्यामुळे वाहन उत्पादकाने त्या प्रतिरूपासाठी मान्य केलेली काच निवडणे श्रेयस्कर ठरते. कोणतीही काच बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळते का, क्लच व ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, आणि हेडलाइट व दिशादर्शक दिवे झाकले जात नाहीत ना, हे पाहणे आवश्यक असते.

वादळी वारा किंवा मुसळधार सरीच्या वेळी उड्डाणपूल व खाडीपूल यांवर दुचाकी नेणे कोणत्याही विंडशील्डने सुरक्षित होत नाही. अशा वेळी पुलाच्या अलीकडे सुरक्षित आडोशाला थांबणे हाच खात्रीचा उपाय होय. उभ्या ट्रेलरचा आडोसा मात्र टाळावा, कारण चालकाला त्याच्या लगत उभी असलेली दुचाकी दिसत नाही.